पांढरी बाजू वर

आमच्या जिल्ह्यात बॅनर मरत नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस होऊन जातो, दुकानाचं उद्घाटन होऊन जातं, दहावीच्या गुणवंतांचं अभिनंदन होऊन जातं, पण ते ज्या फ्लेक्सवर छापलेलं असतं त्याचं खरं आयुष्य खाली उतरल्यावर सुरू होतं. ते कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवर जातं, गोठ्याच्या दाराला जातं, जीपच्या टपावरच्या बोचक्यांवर जातं, बाजारात वांग्यांच्या ढिगाखाली जातं. हात जोडून उभा असलेला भावी नगरसेवक मी म्हशीच्या मागे कितीदा तरी पाहिला आहे. त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नसावं, प्रसिद्धी ती प्रसिद्धी.

माझं कामही प्रसिद्धीचंच. वाशिमला एका जुन्या कापूस जिनिंगच्या शेडमध्ये मुलांचं संग्रहालय आहे, त्याची जाहिरात मी बघते. शाळांना फोन करायचे, पत्रकारांच्या मागे लागायचं, फेसबुकवर फोटो टाकायचे, बाजाराच्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून गावभर फिरवायचा आणि बॅनर करून घ्यायचे. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ येतात. मावशी तर अजून विचारते, "म्हंजे तू तिथं तिकिटा फाडतं काय वं?" आता मी हो म्हणून मोकळी होते.

संग्रहालय म्हटलं की लोकांना गंजलेल्या तलवारी आणि 'हात लावू नका'ची पाटी आठवते. आमच्याकडे उलटा कारभार. हात लावायचा, ओढायचं, फिरवायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं. त्यामुळे आमच्या भिंती कायम घाण असतात. पोरांच्या उंचीवर सगळीकडे काळा पट्टा. संस्थेचे अध्यक्ष साहेब दर दिवाळीला रंग द्यायला निघतात आणि मी दर दिवाळीला त्यांच्याशी भांडते, कारण तो पट्टा हीच आमची खरी जाहिरात आहे. मला तर ते डाग वाचताही यायला लागले आहेत. हा पाचवीतल्या दांडगटाचा, हा टाचा उंच करून पोचलेल्या बालवाडीतल्या लेकराचा, आणि हा वरचा, कोणी बघत नाही असं पाहून लावलेला, मास्तरांचा.

सुरुवातीला आमच्या बॅनरवर इंटरनेटवरून उचललेली मुलं होती. सोनेरी केस, गोरेपान गाल, हातात भिंग. आमचे वॉचमन काका इंझोरीचे. त्यांनी पहिलं बॅनर बांधलं, खाली उतरले, मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे लेकरं आपल्याइकडचे नाई वाटत. आपल्या पोट्ट्याइले वाटन का हे साहेबाच्या पोराइसाठी हाये." मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं. मी त्याच दिवशी ठरवलं की पुढचं बॅनर आपल्याच पोराचं करायचं.

ती पोरगी आम्हाला दारातच सापडली. तिचे आईबाप गावाबाहेर वावरात भाजीपाला लावायचे, शिवाय थोडी हळद. बाजाराच्या दिवशी बाप हर्राशीत, म्हणजे भाजीच्या लिलावात, माल घालायचा आणि आई आमच्या फाटकाजवळ टोपली घेऊन बसायची. पोरगी दुसरीत होती. पुढचे दोन दात पडलेले. एकदा काकांनी तिला आत सोडलं, तर ती दारातच उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरून. बहुतेक सगळीकडे तिला आधी 'हात लावू नको' हेच सांगितलं गेलं असणार. मी जवळ गेले तेव्हा तिनं विचारलं,

"मॅडम, हात लावला तं कोनी रागवत नाई?"

"नाही रागवत."

"मंग दोन्ही लावू?"

मला हसू आवरेना. दोन्ही लाव म्हटलं. त्यानंतर दर बाजाराला ती आमच्याकडेच असायची.

आमच्याकडे एक सावलीची खोली आहे. अंधार, आणि एका भिंतीला खास रंग दिलेला. भिंतीपुढे उभं राहायचं, झपकन दिवा चमकतो, तुम्ही बाजूला होता आणि तुमची सावली भिंतीवर तिथंच राहते. थोडा वेळ राहते, मग विरत जाते. तिनं पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी कॅमेरा घेऊन तयार होते. दोन्ही हात वर करून ती उभी राहिली, दिवा चमकला, ती बाजूला झाली आणि वळून पाहते तर आपली सावली आपल्याशिवायच उभी! तो फोटो. दात नसलेलं तोंड उघडं, डोळे एवढाले, मागे भिंतीवर तिचीच हात वर केलेली सावली. खाली तिचंच वाक्य टाकलं, 'हात लावला तं कोनी रागवत नाई!' अध्यक्ष म्हणाले, जरा शुद्ध लिहा. मी म्हटलं, सर, शुद्ध लिहिलं तर ते तुमचं वाक्य होईल.

बसस्टँडवर, नाक्यावर, शाळांच्या कुंपणांवर, मंगरूळच्या रस्त्याला, सगळीकडे ती लागली. आणि लोक आले. खेड्यांतून जीप भरभरून शाळा आल्या. पोरगी बसस्टँडवर बॅनरखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, "ते मीच हाय." कोणी विश्वास ठेवला नाही तर तोंड उघडून दातांची जागा दाखवायची. तिची आई डोक्याला हात लावायची आणि हसायची.

पोळ्यानंतर तिला ताप आला. गावातून अकोल्याला नेलं. अकोल्याहून ती परत आली नाही.

मला कळलं तेव्हा मी ऑफिसात तिच्याच फोटोखाली कुठल्याशा सुटीच्या शिबिराची वेळ टाइप करत होते. मी काकांना म्हटलं, काका, गावातले सगळे बॅनर आत्ताच्या आत्ता उतरवा. तिची आई उद्यापरवा रस्त्यावर येईल, तिला ते दिसायला नकोत. काका डोळे पुसत शिडी घेऊन गेले आणि त्यांनी एकूण एक बॅनर उतरवलं. मग त्यांनी तेच केलं जे ते दर वेळी करतात. बॅनर उतरलं की ते मागणाऱ्याला द्यायचं असतं, कोणाच्या तरी कामी येतं. त्यांच्या दारात रांग असते. भाच्याला एक, जीपवाल्याला एक, हर्राशीतल्या हमालाला एक. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढे सोयाबीनचे दिवस होते आणि लोकांना झाकायला काहीतरी हवंच होतं.

अशी ती वरून खाली आली. बसस्टँडवर होती तेव्हा निदान आभाळाच्या बाजूला होती.

इकडे संग्रहालयात दुसराच छळ सुरू झाला. खेड्यातून शाळा यायची, पोरं चपला काढायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "ती बॅनरवाली पोरगी कुठं हाये?" त्यांना वाटायचं ती इथंच राहते. मी सांगायची, आज नाही आली. दर वेळी तेच, आज नाही आली. माझ्या तोंडाला त्याची इतकी सवय झाली की एकदा मी कोणी न विचारताच म्हणून टाकलं. पोरं सावलीच्या खोलीत जायची आणि झाडून सगळी तिच्यासारखेच दोन्ही हात वर करून उभी राहायची. दिवा चमकायचा, पोरगं बाजूला पळायचं आणि भिंतीवर सावली उरायची. दोन हात वर, किरकोळ अंग, वेण्या. कामरगावच्या कुठल्याशा पोरीची ती सावली आहे हे मला माहीत असायचं. तरी ती विरेपर्यंत माझा पाय तिथून निघत नसे. मी त्या खोलीत जाणंच सोडून दिलं.

दिवाळी झाल्यावर तिचा बाप आला. ऑफिसच्या दारात उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना. चप्पल हातात. हर्राशीत काय झालं ते माझ्या आधीच कानावर आलं होतं. एका व्यापाऱ्याच्या हमालानं वांगी ओतायला खाली फ्लेक्स अंथरलं होतं आणि त्यावर बुटांनी उभा राहून तो माल खालीवर करत होता. वांगी सरकली तसा आधी एक हात दिसला, मग दात नसलेलं तोंड. बापानं हमालाला ढकललं, ढिगाखालून फ्लेक्स ओढलं, वांगी चिखलात गेली, मारामारी झाली. लोक म्हणाले, पोरगी गेल्यापासून डोकं फिरलं त्याचं.

"मॅडम," तो म्हणाला, "माही पोरगी लोकाइच्या पायाखाली हाये."

बसा म्हटलं, पाणी देते म्हटलं.

"पानी नोको मले. तुमी लावले होते नं ते बॅनर? तुमीच परत आना. सारे. एक बी राह्यला नाई पाह्यजे. मी माह्या हातानं जाळतो. जवरोक एक बी लोकाइजवळ हाये, तवरोक मी बाजारात पाय टाकत नाई. मले मान खाली करून चालाचं भेव वाटते, मॅडम. कुठं तिच्या तोंडावर पाय पडन."

सगळे आणून देते, असा मी त्याला शब्द दिला. तो गेला आणि खरंच बाजारात यायचा बंद झाला. त्याचा माल आई एकटी डोक्यावर आणू लागली. जे तिच्यानं उचलेना ते वावरातच सडत होतं. मी अध्यक्षांना सांगितलं की मला नव्या ताडपत्र्या आणि जीप हवी आहे. ते म्हणाले, "हे काय प्रसिद्धीचं काम आहे का?" मी म्हटलं, हो सर, हेच आहे, आणि दार जरा जोरातच लावलं.

काकांना प्रत्येक बॅनर कुठं गेलं ते तोंडपाठ होतं. आता मात्र ते सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. "मॅडम, मले सुचलंच नाई. बॅनर उतरलं का देऊन टाकाचं, एवढंच डोक्शात." मी म्हटलं, चला, आणि आम्ही निघालो.

पहिलं इंझोरीला, काकांच्या भाच्याच्या वावरात. कापलेलं सोयाबीन रचून सुडी केलेली आणि वरून ती. वाऱ्यानं फ्लेक्स खालून फुगायचं आणि बसायचं, फुगायचं आणि बसायचं, त्यामुळे तिचे गाल हलल्यासारखे दिसत होते. भाच्यानं दोऱ्या सोडल्या. मी नवी ताडपत्री दिली तर म्हणाला, "राहू द्या जी, लाजवू नका." मग हळूच म्हणाला, "काल एक बाई आलती. सुडीपाशी बसून राह्यली. म्या इचारलं तं काही बोलली नाई."

कामरगावला जीपच्या टपावर. बोचक्यांवरून ओढून असं बांधलेलं की घडीतून फक्त दात पडलेलं हसू बाहेर राहिलं होतं. ती जीप रोज गावोगाव फिरत होती. ड्रायव्हर म्हणाला, "काल एक बाई बसली होती, कारंज्यापासून कामरगावलोक. उतरली अन् मांगं उभी राहून जीप जाऊस्तोवर पाहत राह्यली." पुढच्या एका गावात गोठ्याच्या दाराला पडदा केलेला, दोरी ओवायला कपाळातून भोकं पाडलेली. तिथली म्हातारी फ्लेक्स सोडून देता देता म्हणाली, "त्या बाईनं पुसून ठेवलं हो तोंड. पदरानं पुसलं."

आम्ही जिथं जाऊ तिथं ती बाई आदल्या दिवशी येऊन गेलेली. ती कोण हे मला इंझोरीलाच कळायला हवं होतं, पण मी मनाला कळू देत नव्हते. जीपमध्ये मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"काका, तुम्ही तिच्या आईला सांगता का, आपण कुठं जाणार ते?"

"ती माह्या गावची लेक हाये, मॅडम," ते म्हणाले. "तिनं मले विचारलं. नाई कसं म्हनू?"

शेवटचं बॅनर शिरपूरला होतं. तिथं जैन मंदिराला यात्रेकरू येतात, रस्त्याला छोटी दुकानं लागतात. त्यात एका चाचीचं बांगड्यांचं दुकान. चार बांबू, पुढे बांगड्यांच्या माळा आणि मागची भिंत म्हणून आमचं बॅनर. हे कोणाच्या पायाखाली नव्हतं की गोठ्यात नव्हतं. सरळ ताणून बांधलेलं, धूळ झटकलेलं. आणि त्याच्यापुढे, बांगड्यांच्या खोक्यावर, तिची आई बसली होती.

मी ताडपत्री हातात घेऊन तशीच उभी राहिले. चाचीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बेटी, ये ले जायगी तो वो किधर जायगी?" तिनं विचारलं. "इधर के हर बाजार को आती. सब्जी बेचती, फिर इधर बैठती. मैं चाय देती. बात कुछ नहीं करती."

आईनं माझ्यासाठी खोक्यावर जागा केली. मी बसले. आता आम्ही दोघी बॅनरकडे तोंड करून बसलो होतो.

"तुमी काढून राह्यल्या, अन् मी तुमच्या आदी जाऊन पाहून राह्यलो," ती म्हणाली. आमच्याकडे बाया अशाच बोलतात. "तिच्या बाबाचं खरं हाये, ताई. पायाखाली नाई पाह्यजे. पन सारेच काढसान तं मी कुठं पाहू?"

"घरी फोटो नाही?"

"फोनात होते. फोन त्याइनं हिरीच्या पान्यात फेकला. आधार कार्डावर हाये, पन त्याच्यात ती दोन वर्साची, टक्कल केलेली. ते कोनाचं बी लेकरू वाटते."

मी घाईघाईनं म्हटलं, अहो मग माझ्याकडे आहे ना मूळ फोटो! मी मोठा काढून देते, छान फ्रेम करून देते. एवढं सोपं असताना ही बाई गावोगाव काहून फिरत होती, असंच मला वाटलं.

"फ्रेम केली का भिंतीले लावा लागन," ती म्हणाली. "भिंतीले लावली का हार घाला लागन. लोकं येतीन, कुकू लावतीन, हार घालतीन. हार घातला का मंग झालं नं, ताई. मंग ती गेलीच." तिनं बॅनरकडे हनुवटी केली. "इथं हार नाई. इथं ती हासून राह्यली."

मला रडू फुटलं. चारचौघांत, बांगड्यांच्या दुकानात, प्रसिद्धीवाली बाई ओक्साबोक्शी रडते आहे आणि यात्रेकरू बायका बांगड्या घालता घालता बघताहेत. राग पण येत होता आणि कोणाचा ते कळत नव्हतं. बापाला मी शब्द दिला होता, एक बी राहणार नाही. तो वावरात बसून होता, भाजी सडत होती, आणि हे एक राहिलं असं त्याला कोणी सांगितलं तर तो इथं येऊन चाचीचं दुकान मोडून टाकेल याबद्दल मला शंका नव्हती. आणि हे एक काढलं तर ही कुठं बसेल?

चाचीनंच तोडगा काढला. ती उठली, बॅनरचं एक टोक सोडलं आणि उलटं करून दाखवलं.

"पीछे से तो सफेद है," ती म्हणाली. "उल्टा बाँध लेना. बाहर वाले को क्या दिखता?"

आईनं त्या पांढऱ्या बाजूकडे पाहिलं. त्यांच्या वावरात एक झोपडी होती, हळद राखायला. तिचं छप्पर फाटलेलं होतं. नवं टाकायचंच होतं, नवऱ्यानं दोनदा म्हटलं होतं. "पांढरी बाजू वर," ती म्हणाली. "त्याइले वाटन, कोरं फ्लेक्स हाये." आम्ही तिघींनी मिळून घडी घातली, तोंड आत करून. चाचीला मी ताडपत्री दिली, तिनं दोन हिरव्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या आणि पैसे घेतले नाहीत.

बाकीचे सगळे मी बापाला नेऊन दिले. त्यानं वावराच्या कडेला, धुऱ्यावर, काटक्या रचल्या. प्रत्येक फ्लेक्स उलगडून पाहिलं आणि पालथं घातलं, तोंड खाली. एकही सुलट जाळलं नाही. फ्लेक्स नीट जळत नाही. ते आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं. आम्ही दोघं धुरातच उभे होतो.

"एवढेच?" त्यानं विचारलं.

"एवढेच, भाऊ."

"शिरपूरचा?"

त्याला शिरपूरचं माहीत होतं. "त्यातच आहे," मी म्हटलं. त्यानं आगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या बाजाराला तो माल घेऊन आला. खाली बघत चालत होता, पण आला.

मग हळद काढणीचे दिवस आले. उन्हाळ्याच्या सुटीसाठी अध्यक्षांना नवं बॅनर हवं होतं. "दुसरं पोरगं शोधा," ते म्हणत होते. मी महिनाभर टाळत होते. कोणत्याही पोरावर कॅमेरा धरला की हात थांबायचा. हे लेकरू वर बांधू, आणि मग? शेवटी एक दिवस ऑफिसात सांगितलं की हळदीचे फोटो काढायला जाते, पोरांसाठी काहीतरी करू, आणि त्यांच्या वावरात गेले. खरं म्हणजे मला ते छप्पर बघायचं होतं.

बाप हळद शिजवायच्या कुकरपाशी होता. वाफेत, कोपरापर्यंत पिवळा. शर्ट पिवळा, भुवयासुद्धा पिवळ्या. त्यानं लांबूनच हात केला. आई टमाटे तोडत होती. तिचे हात टमाट्याच्या चिकानं काळेहिरवे झाले होते. ती मला झोपडीत घेऊन गेली. बाहेरून झोपडी साधी, वर पांढरं फ्लेक्स, कडेला दगड ठेवलेले.

आत गेले आणि मी खाली बसले. वरून ऊन पडत होतं, त्यामुळे फ्लेक्स आतून उजळलं होतं. ती सबंध आमच्या डोक्यावर होती. हात वर केलेले, तोंड उघडं, मागे सावली. वाक्य मात्र उलट्या दिशेनं होतं, दाराकडून वाचायला लागायचं. आई बाजेवर आडवी झाली आणि दाखवलं, "अशी पडतो मी दुपारी." तिचा हात वर गेला आणि पोरीच्या फ्रॉकच्या घेरापर्यंत पोचला. तिथं काळपट हिरवा डाग होता, रोज हात लागून पडतो तसा. आमच्या भिंतीवर असतो तसाच. मी तो लगेच ओळखला.

मग माझी नजर वर गेली. छप्पर मधल्या आढ्याशी उंच होतं आणि तोंड नेमकं तिथं आलं होतं. दोन्ही गालांना हळद लागलेली होती. दोन मोठे पंजे, बोटं कानांपर्यंत गेलेली. एकदाचे नव्हते ते. जुन्या वाळलेल्या पिवळ्यावर नवा पिवळा, त्यावर आजचा ओला.

"हा तुमचा हात?" मी विचारलं.

"माहा हात तिथलोक नाई पुरत, ताई," ती म्हणाली. उठून बसली, पदर नीट केला आणि बाहेर पाहून आवाज अगदी खाली आणला. "त्याइले काही म्हनू नका. त्याइले वाटते, मले मालूम नाई."

बाहेर पावलं वाजली. आई चटकन उठली, माझं मनगट धरलं आणि मला बाहेर घेऊन आली. बाप दारातच होता.

"च्या पेल्या का मॅडम?" त्यानं विचारलं. मग जरा थांबून, कुकरकडे बघत, "सारे जमा झाल्ते नं ते? बॅनर?"

"झाले होते, भाऊ. सगळे."

"बरं झालं," तो म्हणाला. "मी जरा सावलीत बसतो. ऊन भल्लं होऊन राह्यलं."

आई मला ओढत टमाट्याच्या ओळीपर्यंत घेऊन गेली आणि टमाट्याच्या भावाबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागली. यंदा कसं काहीच पुरत नाही, व्यापारी कसे लुच्चे आहेत, किडीला कसा ऊत आला आहे. झोपडीकडे पाठ करून, तिकडे आपलं लक्ष नाही हे तिकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी हो हो म्हणत राहिले. दाराशी पाण्याची बादली भरलेली होती. तो हात न धुता आत गेला.